कमी साखरेच्या फ्रूट पाईतून रस गळतो, तळ ओला राहतो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

हातात धरून खाता येतील अशा छोट्या फ्रूट पाई हलक्या करायच्या, म्हणजे साखर निम्म्याखाली आणायची आणि लोणी कमी करायचं, असं ठरवलं की एकच तक्रार पुन्हा पुन्हा पुढे येते: रस बाहेर येतो आणि तळ ओला राहतो. तेच ओव्हन, तीच फळं, तोच मैदा भरपूर साखर-लोण्याच्या पाककृतीत नीट चालतात, हलक्या पाककृतीत मात्र गडबड होते. हा बिघाड मी स्वतःच्या आणि इतरांच्या स्वयंपाकघरात इतक्या वेळा निस्तरला आहे की आता ठरलेल्या क्रमानेच बघत जातो. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग थोडा खटाटोप, आणि पिठाच्या प्रमाणाला हात लावायचा तो अगदी शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. पहिल्याच बिघाडाला पीठ बदलतात, आणि मग नेमकं काय चुकलं होतं ते कधीच कळत नाही.

मी ज्या पाईबद्दल बोलतोय ती अशी: ११-१२ सेंटिमीटर व्यासाची पारी, मध्ये फळाचं सारण, दुमडून केलेला अर्धचंद्र, काठ दाबलेले, आणि ओव्हनमध्ये भाजलेली. तळलेल्या पाईचं गणित वेगळं असतं, ते इथे लागू होणार नाही.

आधी लक्षणं

बिघाड एकच वाटला तरी तो वेगवेगळ्या रूपांत दिसतो, आणि रूप ओळखलं की अर्धं काम होतं.

• काठातून रस बाहेर येतो, ट्रेवर पसरतो, काळा होऊन चिकटतो. पाई उचलताना तळ फाटतो.
• वरून रंग बरा असतो, पण उलटी केली तर तळ फिका, राखाडी आणि बोटाने दाबला की खचणारा.
• ओव्हनमधून काढताना कुरकुरीत असते, तासाभरात सादळते.
• आत वरच्या पारीखाली मोठी पोकळी, आणि सारण तळाशी गोळा झालेलं.
• अर्धा तास भाजूनही रंग येत नाही. रंगाची वाट बघत ठेवली तर काठ वातड होतात.
• सारण पाणचट लागतं, किंवा पिठूळ लागतं, किंवा गार झाल्यावर दाताखाली कचकच येते.

यातलं तिसरं लक्षण एकटंच असेल तर तुमची पाककृती उत्तम आहे, फक्त पहिली तपासणी वाचा. शेवटचं एकटंच असेल तर थेट सारण आणि गोडीच्या भागाकडे जा. बाकी सगळ्यांसाठी क्रमाने चला.

साखर आणि लोणी काय काम करत होते

हे समजून घेतलं नाही तर पुढच्या तपासण्या नुसत्या सूचना वाटतील.

फळ म्हणजे मुख्यतः पाणी. सफरचंदात साधारण ८५ टक्के, पीचमध्ये ८९ टक्क्यांच्या आसपास, स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांहून थोडं जास्तच. साखर हे पाणी धरून ठेवते. रस तिच्यात विरघळून पाक होतो, पाक दाट असतो, आणि दाट पाक पारीत पटकन मुरत नाही. शिवाय साखरेत शिजलेली फळाची फोड आकार धरून राहते, साखर कमी असेल तर तीच फोड लवकर विरघळते आणि पाणी सोडते. म्हणजे साखर काढली की गोडी कमी होते आणि मोकळं पाणी वाढतं.

लोण्याचंही तसंच. चरबीचा पातळ लेप पिठाच्या कणांना लागलेला असतो, त्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो. मोहन कमी केलं की पिठाचे कण उघडे पडतात, सारणातलं पाणी शोषतात, आणि तळ भाजायच्या आधीच त्याची खळ होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: हलक्या पाईत जे पाणी साखर आणि लोणी सांभाळत होते ते आता तुम्हाला सांभाळायचं आहे, आणि त्यातलं जास्तीत जास्त पाणी पाई बंद करायच्या आधीच घालवायचं आहे. बंद पारीतून ते घालवण्याचं काम ओव्हनवर सोपवलं तर ते पारीतूनच बाहेर पडणार.

पहिली तपासणी: गार कशी करताय?

खर्च शून्य, म्हणून ही आधी. ओव्हनमधून काढलेली पाई गरम ट्रेवर तशीच ठेवली तर तिच्यातून निघणारी वाफ खाली अडकते, तिचं पाणी होतं आणि कुरकुरीत झालेला तळ पुन्हा भिजतो. दोन-तीन मिनिटं ट्रेवर थांबू द्या, म्हणजे उचलताना मोडणार नाही, आणि मग जाळीवर काढा. जाळीखालून हवा फिरली पाहिजे. जाळी ओट्यावर सपाट टेकलेली असेल तर दोन वाट्यांवर उचलून ठेवा.

आणि अर्धा तास कापू नका. कॉर्नफ्लोअरने दाट केलेलं सारण गरम असताना सैल असतं, गार होतानाच ते बसतं. ओव्हनमधून काढल्या काढल्या कापलेल्या पाईवरून सारण पातळ आहे असा निष्कर्ष काढणं चुकीचं आहे. पूर्ण गार व्हायच्या आत डब्यात भरणं हे सादळण्याचं सगळ्यात मोठं कारण. झाकण लावण्याआधी पाईचा तळ हाताच्या मागच्या बाजूला लावून बघा, जराही कोमट लागला तर थांबा.

दुसरी: एक पाई बळी द्या

एक पाई गार झाल्यावर मधोमध उभी कापा आणि उजेडात धरून तिचा छेद नीट बघा. बहुतेक जण इथे चव घेतात, पण आत्ता डोळ्यांनी बघायचं आहे. चांगल्या भाजलेल्या तळाचा छेद खालपर्यंत कोरडा आणि फिकट तपकिरी असतो, सारणाला लागून जेमतेम एक बारीक मऊ रेघ असते. बिघडलेल्या पाईत सारणाखाली राखाडी, चकचकीत पट्टी दिसते, कच्च्या कणकेसारखी. ही पट्टी सारणाच्या बाजूला जाड आणि ट्रेच्या बाजूला पातळ असेल तर दोष सारणात आहे, पाणी वरून आलं. पट्टी थेट ट्रेपर्यंत पोचली असेल आणि बाहेरून तळ पांढराच असेल तर खालून उष्णता पुरेशी मिळाली नाही, म्हणजे दोष ट्रे किंवा ओव्हनमध्ये आहे. दोन्ही दिसलं तर आधी उष्णतेचं बघा, ते सोपं आहे.

काठही बघा. जिथून रस आला तिथे दोन्ही पाऱ्यांच्या मध्ये फळाचा कण किंवा रसाचा डाग सापडतो का? सापडला तर पुढची तपासणी तुमच्यासाठीच आहे.

तिसरी: सारण किती, आणि काठ कसे बंद केले

१२ सेंटिमीटरच्या पारीत दोन मोठे चमचे सपाट सारण, साधारण ३० ग्रॅम. एवढंच. बघताना ते कमी वाटतं आणि हात आपोआप तिसऱ्या चमच्याकडे जातो. पण सारण उकळतं तेव्हा त्याला जागा लागते. जागा नसेल तर ते काठच उघडतं.

काठाला दीड सेंटिमीटरची पट्टी कोरडी आणि स्वच्छ ठेवा. त्या पट्टीवर रसाचा थेंब जरी पडला असेल तर तो पुसून घ्या, कारण रस लागलेल्या जागी पीठ पिठाला चिकटत नाही. मग बोटाने पाण्याचा किंवा अंड्याच्या पांढऱ्याचा हलका हात फिरवा. हलका म्हणजे ओलसर, थेंब दिसला तर जास्त झालं, पारी घसरते. दुमडल्यावर आधी सारणाभोवतीची हवा बोटांनी काठाकडे ढकलून बाहेर काढा, मग काठ दाबा, मग काट्याने ठसे उमटवा. हवा आत राहिली तर गरम होऊन फुगते, आणि लक्षणांमधली ती मोठी पोकळी तयार होते. नुसतं काट्याने दाबणं पुरत नसेल तर काठाला मुरड घाला, ती जास्त घट्ट बसते.

वर दोन-तीन छेद हवेतच. वाफेला वरून वाट मिळाली नाही तर ती सगळ्यात कमजोर जागेतून जाते, आणि ती जागा नेहमी काठच असते. छेद टोचल्यासारखे नकोत, ते भाजताना बुजतात. धारदार सुरीने एक-एक सेंटिमीटरच्या चिरा द्या.

चौथी: सारण आणि पारी, दोन्ही गार आहेत का?

लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळतं. कोमट सारण भरलं की पारीतलं लोणी तिथेच वितळून पिठात मुरतं, आणि आधीच कमी असलेलं मोहन वाया जातं. सारण फ्रीजमधलं गार हवं. भरलेल्या पाईही भाजण्याआधी २०-३० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ताणलेलं पीठ तेवढ्यात सैलावतं, काठ आकसून उघडत नाहीत. या पायरीला कष्ट नाहीत, फक्त धीर लागतो. तरीही सगळ्यात जास्त वेळा हीच गाळलेली आढळते.

पाचवी: ट्रे

तळ भाजण्याचं काम ट्रे करतो. गडद रंगाचा, जाडसर धातूचा ट्रे उष्णता चांगली शोषतो आणि पाईला देतो. चकचकीत पातळ अॅल्युमिनियम उष्णता परतवतो, काच हळू तापते, आणि सिलिकॉनची चटई तर तळ आणि ट्रे यांच्यात पांघरुणासारखी बसते. चटई वापरत असाल तर ती काढून बेकिंग पेपर घाला. निम्म्या ओल्या तळांचा प्रश्न इथेच सुटलेला मी बघितला आहे.

ट्रे रिकामा ओव्हनमध्ये ठेवूनच ओव्हन तापवा आणि पाई कागदासकट गरम ट्रेवर सरकवा. तळाला पहिल्या मिनिटापासून आच मिळते आणि पाणी मुरायच्या आत पीठ बसतं. ट्रे खालच्या तिसऱ्या भागात ठेवा. पाईंमध्ये दोन बोटांचं अंतर राहू द्या, दाटीवाटीने ठेवलेल्या पाई एकमेकींच्या वाफेत शिजतात. एअर फ्रायर वापरत असाल तर तापमान १५-२० अंशांनी कमी ठेवा आणि शेवटची काही मिनिटं पाई उलटी करा, कारण तिथे वरचा वारा जोरात असतो आणि तळ मागे राहतो.

सहावी: ओव्हन खरं बोलतंय का?

घरगुती ओव्हनची कळ २०० दाखवते तेव्हा आत १८० असणं किंवा २२० असणं यात काही नवल नाही. दिवा विझला म्हणजे हवा तापली, भिंती नाहीत. म्हणून २०० अंशांवर निदान २० मिनिटं तापू द्या. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर मिळतो, नियमित भाजणाऱ्याने तो घ्यावाच. दर पाच मिनिटांनी वाचा, अर्धा तास. काटा थोडा वर-खाली होणं हे तापण्या-थांबण्याचं नेहमीचं चक्र आहे, सरासरी धरा.

थर्मामीटर नसेल तर साखरच साक्षीदार होते. साधी साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. फॉइलच्या वाटीत एक चमचा साखर घेऊन ओव्हन १७५ वर पूर्ण तापल्यावर १५ मिनिटं ठेवा, ती वितळता कामा नये. मग ताजी साखर घेऊन १९० वर १५ मिनिटं ठेवा, ती वितळायला हवी. पहिल्यात वितळली तर ओव्हन जास्त गरम आहे, दुसऱ्यात कोरडीच राहिली तर कमी. फरक किती ते कळलं की कळ तेवढी पुढे-मागे लावा. फरक दर वेळी सारखाच असेल तर ओव्हन दुरुस्त करायची गरज नाही.

मायक्रोवेव्हमध्ये भाजत असाल तर कन्व्हेक्शन मोडच, म्हणजे गरम हवेने भाजणारा मोड, लावलाय ना, हे एकदा बघा. मायक्रोवेव्ह मोड सारणातलं पाणी तापवतो, पारीला रंग देत नाही, आणि आपल्याला नको असलेलं सगळं नेमकं करतो.

आता रंगाबद्दल. पारीला तपकिरी रंग येतो तो बराचसा प्रथिनं आणि साखर यांच्या प्रक्रियेतून, आणि ती साधारण १४० अंशांच्या पुढे नीट सुरू होते. पिठात साखर नसेल तर रंग उशिरा येणारच. रंगाची वाट बघत पाई कोरडी करू नका. वरून दुधाचा किंवा फेटलेल्या अंड्याचा हात द्या, त्यातली प्रथिनं रंगाचं काम करतात. २०० अंशांवर २५ मिनिटांच्या आसपास झाली की पाई उचलून तळ बघा आणि त्यावरून ठरवा. वरचा रंग ही दुय्यम खूण आहे.

सातवी: सारण, म्हणजे मूळ दुखणं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवावा. कच्ची फळं, साखर आणि कॉर्नफ्लोअर कालवून थेट पारीत भरायची पद्धत साखर भरपूर असते तेव्हा चालून जाते. कमी साखरेत ती सोडून द्या. सारण शिजवूनच भरा.

५०० ग्रॅम चिरलेलं फळ घ्या. नेहमीच्या पाककृतीत याला १०० ग्रॅमपर्यंत साखर पडते, आपण २५-३० ग्रॅम घेऊ. साखर आणि चिमूटभर मीठ फळाला चोळून अर्धा तास ठेवा. रस सुटेल. तो गाळणीने पातेल्यात काढा आणि फळ बाजूला ठेवा. आता फक्त रस मध्यम आचेवर आटवा, एक तृतीयांश उरेपर्यंत. फळ न शिजवता पाणी घालवायचं असेल तर हाच मार्ग आहे. रस आणि फळ एकत्र आटवत बसलात तर पाणी जाईपर्यंत फळाचा लगदा होतो. आटलेला रस चवीला मूळ रसापेक्षा कितीतरी गोड आणि फळाच्या वासाचा असतो. साखर वाढवण्याची इच्छा इथेच मावळते.

आटलेल्या रसात फळ घाला, झाकण न ठेवता दोन-तीन मिनिटं परता. सफरचंद असेल तर पाच-सहा मिनिटं, फोडीला सुरीचं टोक लागलं तर जेमतेम शिरेल इतपत. फुजीसारखं घट्ट गराचं आणि मुळात गोड सफरचंद कमी साखरेला बरं पडतं.

मग १५ ते २० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, दोन मोठे चमचे, गार पाण्यात कालवून घाला. रसदार बेरींना वरची मर्यादा, सफरचंदाला खालची किंवा त्याहूनही कमी. आता पातेल्याकडे लक्ष द्या. आधी मिश्रण दुधाळ, गढूळ दिसतं. कडेने फुटणारे बारीक बुडबुडे हळूहळू मोठे आणि जड होतात, फुटताना पक्-पक् आवाज करतात, आणि गढूळपणा जाऊन सारणाला तकाकी येते. ती तकाकी हीच खूण. कॉर्नफ्लोअर ६५-७० अंशांना फुगायला लागतो, पण पूर्ण ताकदीने दाट होतो तो ९५ अंशांच्या आसपास. तिथवर न पोचलेलं सारण पिठूळ लागतं आणि गार झाल्यावर पाणी सोडतं. बुडबुडे सुरू झाल्यापासून एक मिनिट ढवळा आणि उतरवा. आणखी जोरात घोटत राहिलात तर झालेली दाटी मोडते. चमचा पातेल्याच्या तळावर ओढला तर रेघ दोन क्षण तशीच राहिली पाहिजे.

लिंबाचा रस उतरवल्यावर घाला. आम्लासोबत जास्त वेळ उकळलं की स्टार्च फुटतं आणि सारण पुन्हा पातळ होतं. चव बघायला दर वेळी वेगळा चमचा घ्या, हे फक्त स्वच्छतेसाठी सांगत नाही. लाळेतलं एन्झाइम स्टार्च फोडतं, आणि उष्टा चमचा बुडवलेलं गार सारण काही वेळात खरोखर पातळ होतं.

गोठवलेली फळं वापरत असाल तर ती गाळणीत पूर्ण वितळू द्या आणि निथळलेला रस वेगळा आटवा. गोठताना बर्फाच्या कणांनी पेशी फुटलेल्या असतात, सगळं पाणी एकदम सुटतं. भाजलेल्या पाई गोठवून ठेवायच्या असतील तर कॉर्नफ्लोअरऐवजी टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचाच स्टार्च) घ्या. गोठवून वितळवल्यावर कॉर्नफ्लोअरचं सारण पाणी सोडतं, टॅपिओका बराच टिकतो. साध्या पेक्टिनला, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या फळातल्या पदार्थाला, घट्ट बसायला भरपूर साखर लागते, तेव्हा कमी साखरेत ते वापरून उपयोग नाही. कॅल्शियमसोबत बसणारं, कमी साखरेसाठीचं पेक्टिन वेगळं मिळतं.

गोडीचे पर्याय, थोडक्यात

गार झाल्यावर दाताखाली कचकच येत असेल तर बहुधा साखरेऐवजी वापरलेलं एरिथ्रिटॉल आहे. ते गरम असताना विरघळतं आणि गार होताना पुन्हा स्फटिक धरतं. प्रमाण निम्मं करा आणि उरलेली गोडी फळातून घ्या. स्टिव्हिया, सुक्रालोज गोडी देतात, पण पाणी धरायचं काम अजिबात करत नाहीत, त्यामुळे ते वापरताना वरची आटवण्याची पायरी गाळूच नका. अॅस्पार्टेमची गोडी भाजताना कमी होते. मध घातला म्हणजे पाई कमी साखरेची झाली असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात मधातली साखरही मर्यादेत ठेवायच्या साखरेतच धरली आहे: दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि जमलं तर ५ टक्क्यांखाली, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. शिवाय मधात १७-१८ टक्के पाणी असतं, ते पुन्हा आपल्याच डोक्याला ताप. त्याच संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्टिव्हिया, सुक्रालोज यांसारखे पदार्थ वापरू नयेत असंही सुचवलं. ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती.

माझा कल स्पष्ट आहे: थोडी खरी साखर, पूर्ण पिकलेलं फळ, मीठ, लिंबाची किसलेली साल. आणि पाई कोमट खावी. गार पदार्थापेक्षा कोमट पदार्थ जिभेला जास्त गोड लागतो.

आठवी आणि सगळ्यात अवघड: पारी

इथवर सगळं ठीक असूनही तळ ओला असेल तरच पिठाला हात लावा.

२५० ग्रॅम मैद्याला नेहमीच्या पाककृतीत १२५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त लोणी असतं. ८० ग्रॅमपर्यंत खाली आणता येतं. ७० च्या खाली मी जात नाही, कारण मग पारीचा पाव होतो. मोहन कमी असताना पापुद्र्यांचा हट्ट सोडा. पापुद्रे यायला लोण्याचे मोठे तुकडे पिठात राहावे लागतात, आणि मधलं पीठ कोरडंच राहतं. त्याऐवजी गार लोणी पिठात बारीक रव्यासारखं होईपर्यंत चोळा. तेवढंच लोणी जास्त कणांना लागतं, पाणी कमी मुरतं, पारी पापुद्र्यांची न होता खुसखुशीत होते. हलक्या पाईसाठी हा सौदा फायद्याचा आहे.

लो-फॅट स्प्रेड वापरत असाल तर थांबा. त्याच्या कित्येक प्रकारांत निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, लोण्यात ते १६-१८ टक्के असतं. कमी चरबी हवी असेल तर खरं लोणी कमी घ्या, पाणी मिसळलेलं जास्त घेऊ नका.

गार पाणी चमच्या-चमच्याने घाला, गोळा जेमतेम धरला की थांबा. मळू नका, नुसतं दाबून एकत्र आणा. मळलं की ग्लुटेन, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांचं चिवट जाळं, तयार होतं आणि कमी मोहनात त्याला अडवणारं कुणी नसतं, म्हणून पारी वातड होते. कणीक घालायची तर निम्म्यापर्यंत घाला. तिच्यातला कोंडा हळूहळू पाणी पितो, तेव्हा गोळा तासभर फ्रीजमध्ये मुरू द्या आणि मगच पाणी पुरलं का ते ठरवा. पारी ३ मिलिमीटर जाड लाटा. पातळ पारीतून रस फुटतो, जाड पारी आतून कच्चट राहते.

शेवटचा बांध: सारण ठेवायच्या जागी अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात द्या आणि तो सुकू द्या, किंवा चमचाभर बारीक केलेले बदाम किंवा कोरडा पावाचा चुरा भुरभुरा. पहिला उपाय पाणी अडवतो, दुसरा शोषतो. एका वेळी एकच बदल करा, आणि काय बदललं ते लिहून ठेवा.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

सारण आणि ओव्हन दोन्ही बरोबर असूनही तळ ओलाच राहत असेल तर तुमची पाककृती तुमच्या फळाला झेपणाऱ्या मर्यादेपलीकडे हलकी झाली आहे. लोणी १५ ग्रॅम वाढवा, किंवा त्या फळाची उघडी पाई करा. अर्धी कच्ची राहिलेली पाई दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजून सुधारत नाही.

टिकवण्याबाबत सवलत घेऊ नका. साखर सारणातलं पाणी बांधून ठेवते म्हणून गोड पाई टिकते, कमी साखरेची तशी टिकत नाही. दोन तासांत फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपवायची. फसफसल्यासारखा वास आला, बुडबुडे दिसले की चाखून बघू नका, टाका.

घरात कुणाला मधुमेह असेल आणि पाई त्यांच्यासाठी करत असाल तर साखर कमी केली एवढ्यावर भिस्त ठेवू नका. मैदा आणि फळ यांतली कर्बोदकं तशीच आहेत. किती खायची, इन्सुलिन घेणाऱ्याने हिशोब कसा करायचा, हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील, ते काम पाककृतीचं नाही. साखरेऐवजी झायलिटॉल वापरत असाल आणि घरात कुत्रा असेल तर एक तुकडाही त्याच्या तोंडी लागू देऊ नका, ते कुत्र्यांना विषारी आहे. लागलाच तर लगेच पशुवैद्याला फोन करा.

ओव्हनच्या बाबतीत हात कुठे आखडायचा तेही ठरलेलं असू द्या. दाराची रबरी पट्टी पुसणं, ट्रे बदलणं, कळीतला फरक लक्षात ठेवणं, इथवर आपलं काम. तापमानातला फरक दर वेळी वेगळा येत असेल, खालची कॉइल लाल होत नसेल किंवा एकाच भागात लाल होत असेल, दारातून सतत गरम हवा येत असेल, तर तंत्रज्ञाला बोलवा. ओव्हन लावताच फ्यूज उडत असेल, बाहेरच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा तार जळल्याचा वास येत असेल तर मेन स्विच बंद करा आणि दुरुस्तीपर्यंत पुन्हा लावून बघू नका. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हचं बाहेरचं आवरण कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका भार राहू शकतो. गॅसच्या ओव्हनला वास आला तर व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, कुठलंही बटण दाबू नका आणि बाहेर जाऊन फोन करा.

तंत्रज्ञ येईल तेव्हा "नीट भाजत नाही" एवढंच सांगू नका. २०० वर लावल्यावर थर्मामीटरने दर पाच मिनिटांनी काय दाखवलं, साखर कुठल्या आकड्याला वितळली, पाईचा कुठला भाग पांढरा राहतो आणि ट्रे कुठल्या खणात होता, हे कागदावर लिहून द्या. थर्मोस्टॅट बिघडलाय की कॉइल, हे त्याला त्यावरून लवकर ओळखता येईल.